एव्हिलच्या आधी ॲड्रिनॅलिन

गांधीलमाशी चावते किंवा अंगदुखीची गोळी घेतली जाते. काही मिनिटांत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, आवाज घोगरा होतो, छातीत घरघर सुरू होते. अशा रुग्णाला दवाखान्यात आणलं की अनेकदा आधी एव्हिल आणि डेक्साच भरलं जातं. खाज थांबते, नातेवाईक निर्धास्त होतात. पण एव्हिल घसरता रक्तदाब सावरत नाही आणि डेक्साचा परिणाम दिसायला काही तास लागतात. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे अशा जीवघेण्या ॲलर्जीत, तेवढी सवड नसते.

इथे पहिलं औषध ॲड्रिनॅलिनच. ते सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळ्या करतं आणि घशाची सूज उतरवतं. 1 मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये 1 मिलिग्रॅम औषध असतं. प्रौढाला त्यातलं अर्धं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. गरज पडल्यास 5 मिनिटांनी पुन्हा. ‘हृदयाला झेपेल का?’ या धास्तीने हात आखडतो. पण खरा धोका असतो तो घाईघाईने शिरेत दिलेल्या डोसचा. रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला आडवं ठेवून पाय उंच करावेत. त्याला एकदम उठवून बसवणं जिवावर बेतू शकतं.

निदानासाठी रक्ततपासणीची वाट पाहायची नसते. त्वचेवरची लक्षणं आणि जोडीला धाप किंवा उतरलेला रक्तदाब, एवढं पुरतं. काहींच्या अंगावर तर पुरळही उठत नाही. ज्याची ॲलर्जी आहे ते पोटात गेल्यावर नुसता रक्तदाब कोसळला, तरी ॲनाफिलॅक्सिसच समजायचं.

ग्रामीण रुग्णालयात हे कसब सर्पदंशाच्या वेळी पणाला लागतं. प्रतिविष घोड्याच्या रक्तातून बनवलेलं असल्याने रिॲक्शन येऊ शकते. ती कोणाला येईल हे त्वचेवरच्या चाचणीतून कळत नाही, म्हणून ती चाचणी करत नाहीत. ॲड्रिनॅलिन भरून जवळ ठेवायचं, रिॲक्शन आली की प्रतिविषाचं सलाईन थांबवून ॲड्रिनॅलिन द्यायचं आणि रुग्ण सावरला की प्रतिविष पुन्हा सुरू करायचं. रिॲक्शनला घाबरून ते बंदच केलं, तर विष आपलं काम करत राहतं.

रुग्ण बरा झाला तरी डॉक्टरांचं एक काम उरतं. केसपेपरवर ‘औषधाची ॲलर्जी’ एवढंच खरडून भागत नाही. औषधाचं मूळ नाव, घेतल्यावर किती वेळाने काय झालं, हे लिहून तो कागद रुग्णाच्या हाती द्यायला हवा. नाहीतर डायक्लोफिनॅकने जिवावर बेतलेल्या माणसाला पुढच्या दवाखान्यात तेच औषध वेगळ्या ब्रँडच्या नावाने मिळतं.