तुमची सुट्टी तुमच्या दरात धरली आहे का?



"सर, नोकरीत घरासाठी वेळच मिळत नाही, म्हणून स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय." बॅचच्या पहिल्या दिवशी हे वाक्य हमखास कानावर येतं. कारण चांगलं आहे, त्यात काहीच चूक नाही. पण मग सुरू होतं काय? सकाळी सहाला शटर वर आणि रात्री अकराला खाली. नोकरीत एक साहेब होता, आता चाळीस गिऱ्हाईकं म्हणजे चाळीस साहेब. भाचीच्या लग्नात हळदीला जायचं की ऑर्डर पोचवायची, हा प्रश्न पडतो, आणि दरवेळी ऑर्डरच जिंकते.

हे का होतं? बहुतेकांना वाटतं की सुट्टी ही नंतर मिळणारी गोष्ट आहे. "आधी धंदा सेट होऊ दे, मग बघू." पण तुम्ही पहिल्याच महिन्यात जो दर ठरवता ना, त्यातच पुढची सुट्टी असते किंवा नसते. दर जर रोज काम करायच्या हिशोबाने काढला असेल, तर बंद ठेवलेला प्रत्येक दिवस नुकसानीचा होणार. मग तुम्ही बंद ठेवणारच नाही.

आकडेच मांडून बघू या

समजा, तुम्ही डब्यांचा व्यवसाय करताय. रोजचे ४० डबे. घरी महिन्याला ३०,००० रुपये न्यायचेत, गाळ्याचं भाडं ८,००० आणि मदतीच्या ताईंचा पगार १०,०००. वर्षाचे झाले ५,७६,००० रुपये. हा खर्च तुम्ही काम करा किंवा नका करू, होणारच आहे. (ताईंना सुट्टीचाही पगार द्यायचा, हे मी गृहीत धरलंय. तुम्हीही धरा.)

आता वर्षाचे ३६५ दिवस धरले तर डबे होतात १४,६००. म्हणजे हा खर्च डब्यामागे साधारण ३९ रुपये ५० पैसे.

पण आठवड्याची एक सुट्टी, म्हणजे ५२ दिवस; सणावाराचे १२; आणि गावाला जाणं, आजारपण, मुलांच्या परीक्षा यांचे मिळून १५ असे ७९ दिवस काढून ठेवले तर कामाचे उरतात २८६ दिवस. डबे ११,४४०. आता तोच खर्च डब्यामागे ५० रुपयांच्या थोडा वर जातो.

फरक किती? डब्यामागे जेमतेम ११ रुपये. तुमच्या ७९ दिवसांच्या सुट्टीची किंमत एवढीच आहे. भाजी, पीठ, तेल, गॅस आणि पोचवणं यांचे ४५ रुपये धरले तर ८५ चा डबा ९६ चा होतो. यात नफा अजून धरलेलाच नाही, हे फक्त तुमचं घर चालण्यापुरतं आहे.

"पण सर, आमच्या भागात ८५ च्या वर कोणी देत नाही!" ठीक आहे. मग दर तोच ठेवून रोज ४० ऐवजी ५१ डबे करावे लागतील. तेवढी गिऱ्हाईकं आहेत का? तेवढा ओटा आणि तेवढे हात आहेत का? किंवा कमी भाड्याची जागा बघायची. यातलं काहीच जमत नसेल, तर त्या जागेवर, त्या दराने हा व्यवसाय तुम्हाला सुट्टी देऊच शकत नाही. हे डिपॉझिट भरायच्या आधी कळलेलं बरं, की तीन वर्षांनी पाठदुखी सुरू झाल्यावर?

गिऱ्हाईक तुटेल ना?

ही भीती सगळ्यांना असते. मुंबईचे डबेवाले बघा. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेलं हे काम. मंडळी बहुतेक मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव भागातली. साधारण एप्रिलमध्ये गावोगावच्या जत्रा आल्या की पाच-सहा दिवस डबे बंद ठेवून सगळे गावाला जातात. आधी कळवतात, तारखा सांगतात, या दिवसांचे पैसे कापू नका अशी विनंतीही करतात. मुंबईसारख्या शहरात हे चालतं, कारण उरलेल्या दिवसांत डबा वेळेवर येतो. गिऱ्हाईक सुट्टीमुळे चिडत नाही, ते न सांगता घेतलेल्या सुट्टीमुळे चिडतं. सुट्टीचा वार पहिल्या दिवसापासून बोर्डावर लिहा. सहा महिन्यांनी लिहायला गेलात तर लोकांना वाटेल की सेवा कमी झाली.

पुण्यातल्या दुपारी १ ते ४ वर विनोद करून लोक थकले, पण तेवढ्यासाठी पुणेकरांनी चितळ्यांची बाकरवडी काही सोडली नाही. पुढे २०१७ मध्ये त्यांची पुण्यातली मुख्य दुकानं दुपारीही उघडी राहू लागली. दुपारी दुकान उघडं आणि मालक घरी, हे माणसं आणि पद्धत तयार झाल्यावरच जमतं. तोवर बंद ठेवायला लाजू नका.

त्याच वर्षीच्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान ३६५ दिवस उघडं ठेवायची मुभा दिली, पण कामगाराला आठवड्यात सलग २४ तासांची सुट्टी द्यावी लागते. मालकाच्या सुट्टीसाठी मात्र कुठलाच कायदा नाही. ती तुमची तुम्हालाच लिहून घ्यावी लागेल.

काही व्यवसाय मुळातच बांधून ठेवतात. म्हैस रविवार पाळत नाही. दोन वेळची धार काढायचीच. दुग्धव्यवसाय वाईट नाही, पण घरात दुसरा धार काढणारा माणूस नसेल तर विचार करा. फराळवाल्यांची कमाई ऐन दिवाळीत असते, म्हणून त्यांनी वसुबारसेला ऑर्डर पोचवून मोकळं व्हायचं आणि त्यानंतरची ऑर्डर कितीही मोठी असली तरी घ्यायची नाही. उलट शिवणकाम, केक, छपाई अशी कामं आगाऊ ऑर्डरवर चालतात, तिथे तारीख तुमच्या हातात असते. "उद्या देतो" म्हणायची सवय लावून घेतली नाही, म्हणजे झालं.

पहिला माणूस कोणत्या कामाला ठेवायचा?

बहुतेक जण भांडी घासायला किंवा झाडलोट करायला माणूस ठेवतात, कारण ते स्वस्त पडतं. पण तुम्हाला जागेवर खिळवून ठेवणारं काम ते नसतंच. आमटी तुमच्याच हातची लागते, हिशोब तुमच्याच डोक्यात असतो, मसाल्याचं प्रमाण "अंदाजे" असतं. आधी तो अंदाज वाटी, चमचा, ग्रॅममध्ये वहीत उतरवा. वही बघून दुसऱ्याने केलेली आमटी गिऱ्हाईकाने निमूट खाल्ली, तर तुमचा अर्धा दिवस मोकळा झाला समजा. फोनसाठी व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये कामाची वेळ टाकून आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे, ती आजच सुरू करा. रात्री साडेदहाला एकदा उत्तर दिलंत की ती तुमची वेळ ठरून जाते.

पुढच्या आठवड्यात एक करून बघा. एक दिवस दुकान चालू ठेवा आणि स्वतः जाऊ नका. प्रत्येक फोन घ्या, पण धावत जाऊ नका. कोणी काय विचारलं ते कागदावर लिहा: किल्ली कुठे, उधारी कोणाची, तेल कोणाकडून आणायचं. संध्याकाळी जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला असेल, त्याचं उत्तर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा एक दिवस घरी राहा.