कुलाबा, जंजिरा आणि ‘काही’

‘सर्व जलदुर्ग किल्ले आहेत. काही किल्ले पडके आहेत. निष्कर्ष : काही जलदुर्ग पडके आहेत.’ मुरूडच्या किनाऱ्यावर वाढलेली मुलगी स्पर्धा परीक्षेत हा निष्कर्ष ‘बरोबर’ म्हणून मोकळी होते. खाऱ्या वाऱ्याने समोरच्या पद्मदुर्ग या जलदुर्गाचे दगड झिजले आणि चुना तेवढा उरला, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तिथेच गुण जातो. पडके आहेत ते सगळे किल्ले डोंगरावरचे असतील, तरी दिलेली दोन्ही विधानं खरीच राहतात. निष्कर्ष वस्तुस्थितीला धरून आहे, पण विधानांतून निघत नाही.

आता उलट पाहा. ‘सर्व होड्या नारळ आहेत. सर्व नारळ तारे आहेत.’ म्हणून ‘सर्व होड्या तारे आहेत’ हा निष्कर्ष अचूक. आपल्या न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करताना स्वयंपाकघराचं उदाहरण द्यावं लागतं, म्हणजे अनुभवाची साक्ष काढावी लागते. परीक्षेतला प्रश्न मात्र ॲरिस्टॉटलच्या वाटेने जातो आणि तिथे फक्त वाक्यांची रचना तपासली जाते. हुशार, चौकस मुलं इथे अडखळतात ती पुष्कळ माहिती असल्यामुळे, याचं मला फार वाईट वाटतं.

सर्वांत जास्त फसवतं ते ‘काही’. ‘काही जलदुर्गांवर ओहोटीला चालत जाता येतं’ हे विधान घ्या. अलिबागचा कुलाबा डोळ्यांसमोर येतो. मग ‘काहींवर चालत जाता येत नाही’ हेही आलंच, असं वाटतं, कारण जंजिऱ्याला होडीशिवाय इलाज नाही. पण तर्कात ‘काही’ म्हणजे निदान एक, आणि कदाचित सगळेसुद्धा. दुसरं वाक्य पहिल्यातून निघत नाही.

उपाय कागदावरच आहे. जॉन वेन यांनी 1880 साली मांडलेली वर्तुळं काढायची, पण निष्कर्ष सिद्ध करायला नव्हे, मोडायला. विधानं पाळणारी आणि तरीही निष्कर्ष खोटा ठरवणारी एक जरी आकृती जमली, तरी तो निष्कर्ष बाद. पाठ केलेल्या नियमांपेक्षा ही सवय मला अधिक भरवशाची वाटते. तिला महागडा क्लास लागत नाही, पेन्सिल पुरते. श्रीवर्धनच्या मुलाला पुण्याच्या मुलाइतकीच ती साधेल.

सरावही नेमका हवा. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅट या कल चाचणीच्या पेपरात चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. बँकांच्या पूर्वपरीक्षेत तर एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही, आणि तिथले निष्कर्ष जोडीने येतात. ‘सर्व बांगडे मासे आहेत. काही मासे महाग आहेत. निष्कर्ष 1 : काही बांगडे महाग आहेत. निष्कर्ष 2 : एकही बांगडा महाग नाही.’ प्रत्येक निष्कर्ष मोडणारी आकृती काढता येते, म्हणून एकटा कुठलाच निष्कर्ष निघत नाही. पण दोन्ही एकाच वेळी खोटे असणं अशक्य. तेव्हा उत्तर ‘एकतर 1 किंवा 2’. घाईत ‘दोन्ही चूक’वर खूण करणारे पुष्कळ.

याच विधानांवर ‘सर्व बांगडे महाग असण्याची शक्यता आहे’ असा निष्कर्ष आला, तर तो बरोबर धरायचा. तशी आकृती काढता येते आणि दोन्ही विधानांपैकी एकही तिच्या आड येत नाही.