घरातली भाषा, शाळेतली भाषा आणि आपले मूल

वस्तीतल्या एका आईने मला विचारलेला प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेला नाही. तिचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बालवर्गात आहे. पालकसभेत सांगण्यात आले, "घरी मुलाशी इंग्रजीतच बोला." ती म्हणाली, "सर, मला इंग्रजी येत न्हाई. मराठी बोलले तर पोराचं नुकसान व्हतंय म्हंत्यात. मंग म्या लेकराशी बोलू तरी कोन्या भाषंत?" आणि खरोखरच तिने मुलाशी बोलणे कमी केले होते. जेवायला ये, झोप, अभ्यास कर, एवढेच. शिक्षणाच्या नावाने एका घरातले बोलणे बंद पडले होते.

पोराला इंग्रजी यावे ही तिची इच्छा मुळीच चुकीची नाही. ज्यांची मुले पिढ्यान् पिढ्या इंग्रजीवर पोसली गेली, त्यांनी आपल्याला मातृभाषेचे महात्म्य सांगावे, हा ढोंगीपणा आपण पुष्कळ पाहिला आहे. प्रश्न इंग्रजी हवी की नको हा नाहीच. लहान मुलाला दुसरी भाषा घरात येते कशी, आणि ती येण्यासाठी पहिली भाषा मारावी लागते काय, हा प्रश्न आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या मुलाची 'दुसरी भाषा' इंग्रजीच्या आधीच सुरू होते. घरात तो 'पानी', 'कोन', 'लई', 'हाय' म्हणतो. शाळेत गेल्यावर त्याला कळते की हे सारे 'अशुद्ध' आहे. म्हणजे पुस्तकातली मराठी हीच त्याची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. पुस्तकी मराठी ज्याच्या घरात बोलली जाते, त्या मुलाला जी पायरी चढावीच लागत नाही, ती आपल्या मुलाला पहिल्याच दिवशी चढावी लागते. त्याची बुद्धी कमी नसते. त्याची वाट लांब असते. बोलीला नियम असतात, व्याकरण असते. 'पानी' म्हणणारे मूल चुकत नसते, ते आपल्या बोलीचा नियम बिनचूक पाळत असते.

आता दोन भाषांनी मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो, या भीतीविषयी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक विद्वानांचाही तसा समज होता. १९६२ साली माँट्रियल येथे पील आणि लॅम्बर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही येणारी मुले बुद्धीच्या कसोट्यांत एकभाषी मुलांच्या पुढे निघाली. पण ती मुले मध्यमवर्गातली होती, आणि त्यांना घरची भाषा टाकून द्या असे कोणी सांगितले नव्हते. नवी भाषा जुनीच्या जोडीला आली. आपल्या मुलाला मात्र नवी भाषा जुनीच्या जागी घ्यायला सांगितले जाते. सगळा फरक या 'जोडीला' आणि 'जागी' यांत आहे.

तो फरक का पडतो? आई भाकरी मोडून अर्धी एकाला, अर्धी दुसऱ्याला देते आणि सांगते, "ही अर्धी तुझी." मुलाला 'अर्धे' म्हणजे काय ते तेथे कळते. पुढे शाळेत 'हाफ' हा शब्द आला की त्याला फक्त नवे नाव शिकायचे असते. कल्पना आधीच पक्की असते. पण घर मुके झाले तर नाव आणि कल्पना दोन्ही एकदम परक्या भाषेत शिकावी लागतात, आणि मूल पाठांतराच्या आश्रयाला जाते. पहिल्या भाषेत कमावलेली समज दुसरीत उपयोगी पडते, हा विचार कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडला. आपल्या आयांना तो पुस्तकाशिवाय समजू शकतो.

मग घरात करावे काय? भाषा माणसाला किंवा वेळेला बांधून द्यावी. १९१३ साली फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ जूल रोंजा यांनी आपल्या मुलाविषयी पुस्तक लिहिले. बाप त्याच्याशी फ्रेंचमध्येच बोले, आई जर्मनमध्येच. मुलाने दोन्ही भाषा नीट उचलल्या. आपल्या घरात इंग्रजी येणारा बाप नसेल. पण आठवीतली ताई असते, कॉलेजात जाणारा मामा असतो. त्याने रोज जेवणाआधी अर्धा तास इंग्रजीत बोलावे: ताट, पाणी, मीठ, दे, घे, पुरे. रोज थोडे आणि रोज तेच. आईने मात्र आपल्याच बोलीत भरभरून बोलावे, गोष्ट सांगावी, बाजाराचा हिशेब करावा. मोडक्या इंग्रजीपेक्षा तिची भरलेली बोली मुलाला अधिक देते.

नवी भाषा ऐकणारे मूल सुरुवातीला कित्येक आठवडे, कधी महिनेही, त्या भाषेत गप्प राहते. ते ऐकून साठवत असते. त्याला पाहुण्यांपुढे 'बोलून दाखव' म्हणू नये. दोन भाषा मिसळून बोलले तर हसू नये. वाढत्या वयात ती सरमिसळ आपोआप निवळते. 'आय गोड' म्हणाला तर 'आय वेंट' असे आपण सहज म्हणावे आणि बोलणे पुढे चालू ठेवावे. रागावून केलेली दुरुस्ती तोंड बंद करते.

आणि मोबाइलवर भिस्त ठेवू नये. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, नऊ महिन्यांच्या बाळांना समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून चिनी भाषेचे ध्वनी उमगले; तेच पडद्यावरून ऐकवले तेव्हा उमगले नाहीत. भाषा माणसाच्या तोंडून माणसाकडे जाते.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतः अभ्यासली, पालीचा कोश करायला घेतला, प्रबंध इंग्रजीत लिहिले. आणि १९२० साली 'मूकनायक' व १९२७ साली 'बहिष्कृत भारत' सुरू केले ते मराठीत, कारण ज्यांच्याशी बोलायचे होते ती माणसे मराठीत होती. एका भाषेसाठी दुसरी टाकावी लागते, असे त्यांच्या आयुष्यात कोठे दिसत नाही.

भाषा आपल्याला एकदा नाकारली गेली. आता 'देतो' म्हणून सांगताना आपल्याच आईची भाषा सोडण्याची अट कोणी घालत असेल, तर ती अट आपण मान्य करण्याचे कारण नाही. त्या आईला मी एवढेच म्हणालो, "ताई, तुम्ही त्याच्याशी बोला. तुमच्या भाषेत बोला, पुष्कळ बोला. इंग्रजीचे आपण वस्तीतली पोरे मिळून बघू." दर रविवारी आता समाजमंदिरात नववी-दहावीची चार पोरे लहानांना घेऊन बसतात. इंग्रजी अजून तोडकीमोडकी आहे. पण तो मुलगा घरी गेल्यावर आईला सगळे सांगतो, तिच्या भाषेत.