आजीच्या भिंतीवरचा फोटो आणि एक्स क्रोमोझोम

हेडफोन नाहीत किंवा लोकलमध्ये आवाज फार आहे, म्हणून वाचताय? चालेल. आजचा भाग जवळपास जसा बोललो तसाच खाली दिलाय.

मी पनवेलचा, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. डॉक्टर नाही. पण गेली दोन वर्षं एक बग आमच्या घरातच आहे, त्याबद्दल आज बोलतोय.

माझा भाचा आठ महिन्यांचा होईपर्यंत ठणठणीत होता. मग सुरू झालं. कान फुटणं, न्यूमोनिया, पुन्हा कान, पुन्हा न्यूमोनिया. अँटिबायोटिकचा कोर्स संपला की दहा दिवसांत ताप हजर. सगळ्यांचं बोट ताईकडे. ‘पावसात गाडीवर नेतेस’, ‘एसी लावतेस’, ‘अंगावरचं लवकर तोडलंस’. एका डॉक्टरांनीही ‘प्रतिकारशक्ती कमी आहे, टॉनिक द्या’ म्हणून पाठवून दिलं. गंमत म्हणजे ते वाक्य शब्दशः खरं होतं, फक्त टॉनिकने सुटणारं नव्हतं.

तीन वर्षांचा झाल्यावर दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्याच्या घशात बॅटरी मारली आणि विचारलं, ‘याचे टॉन्सिल कुठे आहेत?’ टॉन्सिल जवळपास नव्हतेच! मग एक साधी रक्ततपासणी झाली: आयजीजी, आयजीए, आयजीएम. तिन्ही जवळजवळ शून्य. तिथून हार्बरने कुर्ला, गाडी बदलून परळ. केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे अशा आजारांचं निदान होतं. निदान आलं: एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया, थोडक्यात एक्सएलए.

आता हे नेमकं काय असतं?

आपल्या रक्तात बी-पेशी असतात. त्यांच्यापासून अँटिबॉडी बनतात. या बी-पेशी हाडांतल्या मज्जेत तयार होतात, आणि त्यांना मोठं व्हायला ‘बीटीके’ नावाचं प्रथिन लागतं. ते बनवायची सूचना एक्स क्रोमोझोमवर लिहिलेली असते. त्या सूचनेत चूक असली की बी-पेशी अर्ध्यातच अडकतात आणि अँटिबॉडी बनत नाहीत.

मग पहिले आठ महिने बाळ बरं कसं? तर आईच्या अँटिबॉडी नाळेतून बाळाला मिळालेल्या असतात. त्या साधारण सहा महिन्यांत संपत येतात. म्हणजे ज्या ताईला सगळे बोल लावत होते, तिच्याच अँटिबॉडींवर तो तेवढे दिवस तरला होता.

हा आजार बहुतेक मुलग्यांनाच का? मुलींकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तर दुसरा बॅकअप. मुलग्याकडे एकच, बॅकअप नाही. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजाराची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी.

हे घरी समजावत होतो तेव्हा आई एकदम गप्प झाली. आजीच्या घरात भिंतीवर एक जुना फोटो आहे. माझा मोठा मामा. चार वर्षांचा असताना ‘तापाने’ गेला. आजी आयुष्यभर म्हणायची, माझंच लक्ष कमी पडलं. आज ती असती तर तिला सांगितलं असतं की आजी, तुझं लक्ष कुठेच कमी पडलं नव्हतं.

या आजाराची पहिली नोंद 1952 ची. ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिनच नाही हे पाहिलं आणि ते बाहेरून टोचायला सुरुवात केली. जीन सापडला 1993 मध्ये. उपचार मात्र आजही मुळात तोच: दुसऱ्यांच्या अँटिबॉडी. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून आयव्हीआयजी बनतं, आणि भाच्याला ते दर तीन-चार आठवड्यांनी सलाइनसारखं चढवतात. डोस वजनावर ठरतो, म्हणजे पोरगं वाढतं तसा खर्चही वाढतो. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणाबद्दल जरूर विचारा. त्याखालच्या उत्कृष्टता केंद्रांत केईएमही आहे.

अजून एक महत्त्वाचं. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ डोसात जिवंत विषाणू असतो, तो या मुलांना चालत नाही. पल्स पोलिओच्या रविवारी दारात आलेल्या ताईंना आमची ताई कागद दाखवून समजावते. पण हे ऐकून तुमच्या बाळाचं लसीकरण थांबवू नका हं! निदान झालेल्या मुलांसाठीच हा नियम आहे, आणि कोणती लस टाळायची ते डॉक्टरच ठरवतात.

शंका कधी घ्यायची? वर्षात दोन न्यूमोनिया, वर्षात चार किंवा जास्त वेळा कानाचा संसर्ग, दोन महिने अँटिबायोटिक घेऊनही फारसा फरक नाही, किंवा घरात लहानपणीच गेलेला एखादा मुलगा. यातलं काही असेल तर आयजीजी, आयजीए, आयजीएम करायचं का, हे डॉक्टरांना विचारा. नुसत्या सीबीसीवर हे सुटू शकतं.

भाचा आता पाच वर्षांचा आहे. शाळेत जातो, वडाळे तलावाला सायकल मारतो. मलाही आईचा दुसरा एक्स मिळाला म्हणून मी आज बोलतोय, नाणं उलटं पडलं असतं तर भिंतीवर दुसरा फोटो असता.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. वाहक आहे का, ही तपासणी तिने अजून केलेली नाही. मी एकदा माहिती दिली, पुन्हा विचारलं नाही. परवा रात्री तिनेच मेसेज केला, ‘दादा, परळला कधी जायचं?’

शनिवारी जातोय. भेटू पुढच्या भागात.