वाढत्या घराचं वर्ष

शाळकरी मुलं असलेल्या पुणेरी घराचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, गुढीपाडव्यालाही नाही. ते सुरू होतं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, अप्पा बळवंत चौकातल्या गर्दीत. पुस्तकांचा संच, डझनावारी वह्या, खाकी कव्हरं, मागच्या वर्षीचा आखूड झालेला रेनकोट आणि व्हॅनवाल्या काकांनी वाढवलेले पैसे. शाळा सुरू होऊन वेळापत्रक जरा मार्गी लागतं न लागतं, तोच पालख्या शहरात येतात. माउलींचा मुक्काम भवानी पेठेत, तुकोबांचा नाना पेठेत. रस्ते बंद होतात, व्हॅन येत नाही, आणि ज्या घरात दोघंही नोकरी करतात तिथे आज रजा कोणी टाकायची याचं बोलणं रात्रीच सुरू होतं.

अशा एखाद्या घराचं वर्ष नीट पाहू. समजा, घर नऱ्ह्यातल्या एका सोसायटीत आहे. २०२१ मध्ये नऱ्हे, वाघोली, सूस, म्हाळुंगे धरून तेवीस गावं महापालिकेत आली. तरुण कुटुंबं आज मोठ्या संख्येनं राहतात ती याच पट्ट्यात, कारण दोन खोल्या परवडतात त्या इथेच. मुलगी यंदा पहिलीत गेली. दुसरं बाळ ऑगस्टमध्ये येणार आहे. आजी आहेत, गुडघे दुखत असले तरी आहेत. अशी शेकडो घरं पुण्यात आहेत आणि त्यांचं वर्ष थोड्याफार फरकानं असंच जातं.

गरोदरपणाचे शेवटचे महिने पावसाळ्यात आले की पुण्यात डासांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. २०२४ च्या जून-जुलैत एरंडवण्यापासून झिकाचे रुग्ण सापडायला लागले आणि त्यांत गरोदर बायकाही होत्या. झिकाचा ताप मोठ्या माणसाला फारसा छळत नाही, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूला त्यापासून धोका असतो. डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस डास गटारात नाही, घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. जिथे टँकरवर दिवस काढायचे तिथे पाणी साठवावंच लागतं. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामं करून घासून कोरडं करायचं, कुंड्यांखालच्या ताटल्या ओतायच्या, फ्रिजच्या मागचा तो ट्रे काढून पाहायचा. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे आठ दिवसांनी पिंप घासलं की ते चक्र तुटतं.

रजेचा हिशोब त्याहून नाजूक. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुलं असताना तिसरं झालं तर बारा आठवडे. सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि सव्वीस आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. पण बाळ होण्याआधी घेतलेला प्रत्येक आठवडा त्यातून वजा होतो. पाय सुजलेत, स्वारगेटपर्यंतचा प्रवास झेपत नाही म्हणून जुलैच्या मध्यापासून रजा टाकली, तर ती जानेवारीच्या मध्याला संपते आणि बाळ तेव्हा साडेपाच महिन्यांचंही नसतं. आणि बापाचं काय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीत बापाला रजा दिलीच पाहिजे असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. काही कंपन्या देतात, बऱ्याच देत नाहीत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाळ येतं. बारशाच्या गडबडीत एक तारीख हमखास मागे पडते, ती जन्मनोंदणीची. नोंद एकवीस दिवसांच्या आत व्हावी लागते. रुग्णालय ती पाठवतं, पण नावाचं स्पेलिंग, आईचं नाव आणि पत्ता घरच्यांनीच तपासायला हवा. बाळाचं नाव ठरलेलं नसेल तरी नोंद होते. नाव वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं. पूर्वी हे कागद पुढे-मागे करून घेता येत. आता तसं राहिलेलं नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलासाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो. आज एक अक्षर चुकलं तर सोळा वर्षांनी खेटे घालावे लागतील.

त्यानंतर कामाला येतं ते गरोदरपणातच मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड. घरातल्या सगळ्या कागदांमध्ये मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. जन्मल्या जन्मल्या बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब ची लस. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट. या एका सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब अशा पाच आजारांवरचा बंदोबस्त असतो. त्याच भेटीत पोलिओचे आणि रोटाव्हायरसचे थेंब, आणि सहाव्या व चौदाव्या आठवड्याला न्यूमोनियाचं एक मोठं कारण असलेल्या जंतूवरची पीसीव्ही. महापालिकेच्या दवाखान्यात हे सगळं फुकट. पंधरा-वीस वर्षांपूर्वी रोटाव्हायरस आणि पीसीव्हीसाठी खासगी डॉक्टरांकडे खिसा रिकामा करावा लागे. ते बदललं त्यात पुण्याचाही वाटा आहे. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सुरू केलेल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटनं डिसेंबर २०२० मध्ये देशी बनावटीची पीसीव्ही आणली. पेंटाव्हॅलंट आणि रोटाव्हायरसची लसही तिथे बनते. नऱ्ह्याच्या बाळाला मिळणारी कुपी कदाचित पंधरा-वीस किलोमीटरवरून आलेली असेल.

ऑगस्टच्या बाळाचे हे डोस पडतात गणपती-पितृपंधरवड्याच्या आसपास, मग सहामाही परीक्षेच्या सुमाराला, मग दिवाळीच्या आगेमागे. पेंटाव्हॅलंटनंतर एक रात्र ताप येतो, बाळ किरकिरतं. दुसऱ्या दिवशी मोठीचा परिसर अभ्यासाचा पेपर असतो आणि चकलीची भाजणी दळून आणायची असते. बऱ्याच घरांत डोस चुकतो तो या गर्दीत. चुकला तर घाबरायचं कारण नाही, मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, जिथे थांबली तिथून पुढे चालते. पण मधल्या काळात बाळ उघडं पडतं, डांग्या खोकल्याच्या बाबतीत तर फारच.

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं की हे सगळं एका नजरेत दिसतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ते सुरू केलं तेव्हापासून मराठी घराचं दफ्तर तिथेच आहे. चतुर्थीच्या चौकोनात ‘दूध दीड’, त्याखाली ‘गॅस लावला’, शेजारी ‘व्हॅन काका दिले’, कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘दुसरा डोस’. अक्षर बहुतेक घरांत एकाच माणसाचं असतं. आणि जे लिहिलेलं नाही ते त्याच माणसाच्या डोक्यात असतं: मोठीची निळी बाटली गळते, आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या चार उरल्यात, शुक्रवारी रंगीत कपडे घालून पाठवायचंय. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या कालवापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं आढळलं. करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटं. हातांनी केलेलं काम पाहणीत मोजलं गेलं, डोक्यात बाळगलेल्या यादीची मिनिटं वेगळी काढता येत नाहीत.

हा फक्त न्याय-अन्यायाचा प्रश्न आहे असं बरेच जण मानतात. पुण्यातल्याच एका संशोधनानं दाखवलंय की तो बाळाच्या शरीराचाही प्रश्न आहे.

रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गावातल्या तरुण बायकांची गरोदर राहण्याआधीपासून वजनं-मापं घेतली, त्यांच्या खाण्याची आणि कामाची नोंद ठेवली, मग जन्मलेल्या बाळांना मोजलं. नुसतं वजन नाही. डोक्याचा घेर, दंडाचा घेर, आणि खांद्याच्या हाडाखालची कातडी चिमटीसारख्या कॅलिपरमध्ये धरून तिची जाडी. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ही मापं ताडून पाहिली. तिथलं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, इथलं दोन किलो सातशे ग्रॅमच्या आसपास. स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, पण खांद्याखालची चरबी मात्र त्या मानानं जवळजवळ टिकून. दिसायला काटकुळं असलेलं हे बाळ पुढे मधुमेहाकडे झुकण्याची शक्यता जन्मतःच घेऊन येतं, हा विचार जगभर गेला तो या गावांमधून.

त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी मात्र वर्तमानपत्रांत कमी आल्या. एक म्हणजे, ज्या बाया गरोदरपणात दूध, पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. दुसरी आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली: शेतातलं काम, पाणी आणणं आणि घरकाम मिळून ज्या बायांवर कामाचा भार जास्त होता त्यांच्या बाळांचं वजन कमी भरलं. पुढे ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर असंही दिसलं की गरोदरपणात ज्यांच्या शरीरात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक होतं. ब-१२ मिळतं दूध, अंडी, मासे, मटण यांतून. निव्वळ वरण-भात-भाजीवर ते भरत नाही.

नऱ्ह्याची बाई त्या सहा गावांतल्या बायांसारखी रानात भारे वाहत नाही, हे खरं. पण सातव्या महिन्यात दोन बस बदलून कामावर जाणारी, परत येऊन कणीक मळणारी आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्यात भागवणारी बाई शहरात नाही असं कोण म्हणेल? वाटीभर दही तिच्या ताटात आधी वाढणं आणि तिच्या हातातलं काम कमी करणं, दोन्ही बाळाच्या पोषणाचाच भाग आहेत. घरातल्या पुरुषांनी डोहाळजेवणाच्या तयारीइतकीच याचीही काळजी घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

बऱ्याच घरांत हा भार दुसरी एक बाई उचलते. सकाळी साडेसातला भांड्याला येणारी ताई चार दिवस आली नाही की घर कोलमडतं, आणि तिच्या आजारपणाचे पैसे कापणारी घरं आजही आहेत. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. २००८ मध्ये राज्यानं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तरी दिवाळीला एक पगार बोनस आणि महिन्याला ठरलेल्या भरपगारी सुट्ट्या अजून मालकिणीच्या मनावरच आहेत. तिच्याही घरी एखादं बाळ असतं आणि त्याच्याही कार्डावर तारखा असतात. तिला पहिल्या बाळंतपणासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळू शकतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. फॉर्म भरायला आणि बँक खातं जोडायला मदत केली तर ते तिच्यापर्यंत पोचतात.

जानेवारीत संक्रांत, बोरन्हाण आणि रजेचा शेवट एकदमच येतात. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कचेरीला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं, असं कायदा म्हणतो. रुजू होण्याआधी हे लेखी विचारलेलं बरं. याच सुमाराला शाळाप्रवेशाचे अर्जही सुरू होतात. ३१ डिसेंबरपर्यंत वय मोजलं जात असल्यानं दोन दिवसांच्या अंतरानं जन्मलेली शेजारची मुलं कधी कधी वेगवेगळ्या वर्गांत जातात. उत्पन्न कमी असेल तर खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांचा अर्जही याच काळात येतो. त्याला रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तहसीलच्या रांगेला वेळ लागतो.

सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातल्या घरांना जानेवारी म्हटलं की आणखी एक गोष्ट आठवते. २०२५ च्या जानेवारीत किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात गुईलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि पुणे परिसरात ती संख्या दोनशेच्या आसपास गेली. हातापायातली ताकद जाऊन माणसं व्हेंटिलेटरवर गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाण्या-अन्नातून पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. महापालिकेत आलेल्या गावांना शुद्ध केलेलं पाणी मिळण्याआधी सोसायट्या आल्या, माणसं आली. पाणी नीट खळखळ उकळून पिणं हे तेव्हापासून तिथल्या घरांच्या रोजच्या कामात आलं. फेब्रुवारीत बाळ सहा महिन्यांचं होऊन वरचं खायला लागतं, मऊ भात, नाचणीचं सत्त्व, घोटलेलं वरण. मग तर वाटी-चमचाही त्याच पाण्यात धुवावा लागतो.

मार्च-एप्रिल परीक्षेत जातो. मेच्या पहिल्या आठवड्यात बाळाला नऊ महिने पूर्ण होतात, म्हणजे गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पोलिओच्या सुईचा तिसरा, पीसीव्हीचा बूस्टर आणि अ जीवनसत्त्वाचं औषध, सगळं एकाच भेटीत. नेमकी तेव्हाच मोठीला सुट्टी लागलेली असते आणि गावाला जायची एसटीची तिकिटं काढलेली असतात. जाणं पुढे ढकलायचं कारण नाही. या लसी राज्यातल्या कुठल्याही सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी मिळतात. आशाताईंना गावात पोचल्यावर लगेच विचारावं, आणि कार्ड कपड्यांच्या बॅगेत तळाशी न ठेवता बाबांच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवावं.