ट्राउट वाढवायचे म्हणून अख्ख्या जलाशयातले मासे का मारले? अमेरिकेतल्या ‘स्ट्रॉबेरी’ची गोष्ट

एक छोटं विमान डोंगरातल्या तळ्यावर खाली येतं, त्याच्या पोटातून पाण्याचा फवारा सुटतो आणि त्या पाण्याबरोबर हजारो इवलेसे मासे तळ्यात पडतात. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वन्यजीव विभागाचा हा व्हिडिओ २०२१ मध्ये जगभर व्हायरल झाला होता. कदाचित तुमच्या फीडमध्येही येऊन गेला असेल.

विमान लागतं ते रस्ता नसलेल्या उंचावरच्या तळ्यांसाठी. मोठ्या जलाशयात मासे टँकरने येतात, आणि तिथे मासे सोडणं हा सगळ्यात सोपा भाग असतो. खरा प्रश्न पुढे असतो. कोणता मासा सोडायचा, केवढा झाल्यावर सोडायचा, आणि तो आधीच्या माशांमध्ये टिकेल का? याच युटामधल्या एका जलाशयाने हे प्रश्न इतके अवघड करून ठेवले, की सरकारला दोनदा सगळं पुसून पुन्हा सुरुवात करावी लागली.

आधी जागा समजून घेऊ

जलाशयाचं नाव स्ट्रॉबेरी. नाव ऐकून महाबळेश्वर आठवेल, पण हे ठिकाण समुद्रसपाटीपासून साधारण ७,६०० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही दोन हजार फूट वर आहे. हिवाळ्यात पाणी गोठतं आणि लोक बर्फाला भोक पाडून गळ टाकतात. पाणीसाठा ११ लाख एकर-फूट. आपल्या भाषेत सुमारे ४८ टीएमसी, म्हणजे कोयनेच्या निम्म्याहून थोडा कमी.

ट्राउटला गार आणि भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. भारतातही हा मासा म्हणूनच काश्मीर आणि हिमाचलच्या नद्यांत दिसतो. इंग्रजांनी तो तिथे आणून सोडला होता. स्ट्रॉबेरीचं पाणी ट्राउटला अगदी मानवणारं. त्यामुळे हा जलाशय युटामधल्या हौशी मासेमारीच्या सर्वांत लोकप्रिय ठिकाणांपैकी एक बनला.

मग बिघडलं कुठे?

‘युटा चब’ नावाच्या माशामुळे. खायला कुणाला फारसा नको असलेला हा मासा उथळ पाण्यात भरमसाट अंडी घालतो आणि पाण्यातले तेच सूक्ष्म प्राणी खातो, जे ट्राउटच्या पिलांना हवे असतात. गळाला लावण्यासाठी आणलेले जिवंत मासे उरले की लोक ते पाण्यात सोडून देत आणि त्यातूनच चब इथे आला, असं मानलं जातं. उजनीत चिलापी वाढल्यावर इतर माशांचं काय झालं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचं सांगायला नको.

१९६१ मध्ये जलाशयात रोटेनोन टाकून सगळे मासे मारण्यात आले आणि ट्राउट नव्याने सोडले. काही वर्षं बरी गेली. पण चब परत आला. १९८० च्या दशकात पाण्यातले बहुतांश मासे पुन्हा चब आणि त्याच्यासारखेच नकोसे झालेले सकर होते. दरवर्षी रेनबो ट्राउटची बोटुकली सोडली जात होती, पण तिला खायलाच उरत नव्हतं.

ऑगस्ट १९९० मध्ये जलाशय आणि त्याला मिळणाऱ्या ओढ्यांमध्ये पुन्हा रोटेनोन टाकण्यात आलं. अशा प्रकारच्या त्या काळातल्या सर्वांत मोठ्या मोहिमांमध्ये तिची गणना होते.

रोटेनोन म्हणजे काय?

डेरिससारख्या काही वनस्पतींच्या मुळांत सापडणारं हे द्रव्य आहे. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी अशाच मुळ्या ठेचून मासे पकडत आले आहेत. आपल्याकडेही ओढ्यात गेळफळ टाकून मासे धरायची जुनी रीत आहे, फक्त त्यातलं रसायन वेगळं. रोटेनोन कल्ल्यांतून थेट रक्तात जातं आणि पेशींना ऑक्सिजन वापरूच देत नाही. ऊन आणि उष्णतेने ते हळूहळू निकामी होतं. खालच्या नदीतले मासे मरू नयेत म्हणून अशा मोहिमांत बाहेर जाणाऱ्या पाण्यात पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे विहिरीत टाकतात ती जांभळी पावडर, घालण्याची पद्धत आहे.

एवढं सगळं मनोरंजनाच्या मासेमारीसाठी? हा प्रश्न रास्तच आहे. पण या मासेमारीवरच तिथल्या वन्यजीव विभागाचं बरंचसं काम चालतं. लायसन्सची फी तर असतेच, शिवाय १९५० च्या केंद्रीय कायद्यानुसार गळ-काठ्यांसारख्या साहित्यावर उत्पादनाच्या पातळीलाच कर लागतो आणि तो पैसा राज्यांना मत्स्य-कामांसाठी मिळतो.

या वेळी डाव बदलला

१९९० नंतर फक्त मासे सोडून भागणार नाही, हे उघड होतं. चब पुन्हा येणार, हे गृहीत धरूनच माशांची निवड झाली.

पहिली निवड ‘बेअर लेक कटथ्रोट’ ट्राउटची. युटा आणि आयडाहोच्या सीमेवरच्या बेअर लेकमध्ये हा मासा चबसारख्या माशांच्या सोबतीनेच घडला आहे, आणि मोठा झाला की तो मासेच खातो. थोडक्यात, चब खाणारा पहारेकरी.

दुसरा मासा रेनबो ट्राउट, पण वांझ. रेनबो आणि कटथ्रोट दोघांचाही विणीचा हंगाम वसंतात असतो आणि त्यांचा सहज संकर होतो. तसं झालं तर मूळ कटथ्रोटचा वंशच मिसळून जाईल. म्हणून अंडी फलित झाल्यावर थोड्याच वेळात त्यांना उष्णतेचा किंवा दाबाचा झटका देतात. त्यामुळे पिलांमध्ये गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच राहतात. मासा वाढतो, पण वीण होत नाही. हे रेनबो साधारण ८ इंचांचे होईपर्यंत मत्स्यबीज केंद्रातच ठेवावे लागतात. लहान सोडले तर पहारेकरीच त्यांना फस्त करतो!

तिसरा कोकानी. हा समुद्रात न जाणारा सॅमन. सप्टेंबरच्या सुमारास लालभडक होऊन ओढ्यात चढतो, अंडी घालतो आणि मरतो.

आणि एक नियम

चब १९९० नंतर काही वर्षांतच पुन्हा दिसू लागला. पण या वेळी त्याला खाणारं कुणीतरी पाण्यात होतं. अट एवढीच, की ते कुणीतरी लोकांच्या ताटात जाता कामा नये.

यातूनच स्ट्रॉबेरीचा प्रसिद्ध नियम आला. एका व्यक्तीला दिवसाला चार मासे, पण १५ ते २२ इंचांमधला कटथ्रोट गळाला लागला तर लगेच पाण्यात सोडायचा. त्याहून लहान जास्तीत जास्त दोन ठेवता येतात आणि मोठा एकच. खरं तर घरी न्यावासा वाटणारा मासा नेमका याच मापाचा, त्यामुळे नियम लोकांच्या जिवावर येणारा आहे. पण चबचा फडशा पाडणारी फौजही हीच.

सोडलेला प्रत्येक मासा जगतो असंही नाही. गळ खोल गिळला असेल तर तो ओढून काढण्यापेक्षा दोरी कापणं बरं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, तेव्हा मासा आधीच थकलेला असतो, म्हणून त्याला हवेत धरून फोटोसाठी वेळ घालवणंही महागात पडतं.

हे गणित जमतंय का, ते पाहायला जीवशास्त्रज्ञ जलाशयात फासजाळी लावतात आणि सापडलेल्या माशांत चब किती, कटथ्रोट किती, कोणत्या मापाचे, हे मोजतात. त्या आकड्यांवरून पुढे कोणते मासे किती सोडायचे ते ठरतं. स्ट्रॉबेरीतल्या कटथ्रोट आणि कोकानीची अंडी गोळा करून राज्यातल्या इतर तळ्यांसाठीही पिलं वाढवली जातात, त्यामुळे इथे गडबड झाली तर फटका एकाच जलाशयापुरता राहणार नाही.

जिवंत मासा आमिष म्हणून गळाला लावायला युटात आता बंदी आहे.