पदराची घडी
फ्लेक्स छापायच्या शाईचा उग्र वास दुकानात शिरल्याबरोबर नाकात चढतो. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अशाच दुकानामागच्या खोलीत, २०२४च्या विधानसभा प्रचारात, मी ओळखीतून जाऊन बसत होते. कुणाचं नाव छापायचं नाही, एवढीच अट होती.

जावंसं वाटलं ते एका फोटोमुळे. त्यात एक महिला उमेदवार आणि एक ठेकेदार, दोघंच. खाली ओळ: ‘नातं काय, तुम्हीच ओळखा’. माझ्या मावशीने तो घरच्या ग्रुपवर टाकला होता. ही मावशी शेजारणीबद्दलसुद्धा कधी वावगं बोललेली मला आठवत नाही.

खोलीतलं रोजचं काम साधं. सकाळी वरून विषय येतो, दुपारपर्यंत ‘क्रिएटिव्ह’ तयार होतं, रात्री जेवणं आटोपायच्या सुमाराला ते गावागावांतल्या पोरांकडे जातं.

तिथला सगळ्यात कसबी मुलगा पंचविशीतला. एरवी तो वाढदिवसाचे, यात्रेचे, श्रद्धांजलीचे बोर्ड करतो. त्यामुळे तालुक्यातले निम्मे चेहरे त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच आहेत. मावशीने पाठवलेला फोटोही तिथलाच निघाला, ठेकेदाराच्या घरच्या लग्नाच्या बोर्डासाठी आलेला. मूळ फोटो त्याने उघडून दाखवला. वधूवर, मुलंबाळं, आणि उमेदवार बाईंच्या शेजारी त्यांचा नवरा, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा.

“फोटो खराच आहे, ताई. बाकीची माणसं फक्त काढली.”

फक्त काढली नव्हती. नवऱ्याची बोटं खांद्यावरून पुसून त्याने तिथे पदराची घडी नव्याने काढली होती, काठाची नक्षीसुद्धा जुळवली होती. मी ती घडी मोठी करून पुन्हा पुन्हा पाहिली. इतकं नीट हात चालणारा मुलगा एका बाईचा नवरा पुसण्यात दुपार घालवतो, याचा राग त्याच्यावर काढावा की त्याला विषय धाडणाऱ्यावर, हे मला तेव्हाही कळत होतं. धाडणारा त्या खोलीत कधी येत नाही.

निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ रोजी पक्षांना बजावलं होतं, की खोटा मजकूर लक्षात आणून दिल्यावर तो ३ तासांत काढायचा. मी ते सांगितलं.

“३ तास म्हंजे लई झाले,” तो म्हणाला.

३ तासांत काय होतं तेही त्याने दाखवलं. पोरांना ताकीद असते, ‘फॉरवर्ड करायचं नाही, सेव्ह करून टाकायचं’. मग प्रत्येक ग्रुपवर फोटो नवा वाटतो. अनेकदा फिरलेल्या मजकुरावर उमटणारे दोन बाण दिसत नाहीत, आणि एका वेळी ५ चॅटनाच फॉरवर्ड करण्याची मर्यादाही आड येत नाही. ती मर्यादा व्हॉट्सॲपने भारतात जुलै २०१८मध्ये आणली. त्याच महिन्यात धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अफवेवरून, मुलं पळवणारे समजून ५ भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं होतं. त्यातले बहुतेक याच सोलापूर जिल्ह्याचे. मी राईनपाड्याचं नाव काढलं तेव्हा त्याने माउसवरचा हात काढला आणि म्हणाला, “ते येगळं, ताई. ते राजकारण नव्हतं.”

मला ते वेगळं वाटत नाही.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) प्रमाणे उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं हे भ्रष्ट आचरण आहे, त्यावरून निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. पण ते त्याने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने केलं, हे उच्च न्यायालयात सिद्ध करावं लागतं. या मुलाचे पैसे फ्लेक्सच्या बिलात मिळतात. ज्या पेजवर फोटो पहिल्यांदा पडला त्याला तालुक्याचं नाव आहे, माणसाचं नाही. आयोगाची नोटीस पक्षाला जाते, आणि पक्ष म्हणतो, हे पेज आमचं नाही.

१८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी जाहीर प्रचार थांबला, भोंगे बंद झाले. ग्रुप चालूच होते.

निकालानंतर त्याला फोन केला तेव्हा रखडलेल्या नगरपालिकेसाठी आत्ताच विचारणा सुरू झाल्याचं त्याने सांगितलं. वॉर्ड लहान, सगळे एकमेकांच्या घरात जेवलेले, फोटो भरपूर.

“तिथं ३ तास बी लागणार नाहीत,” तो म्हणाला.